वाचकांचे प्रश्न : तत्त्वज्ञानाचे शोधलेख कोठे आणि कसे शोधावेत?

निबंध व प्रबंधिका सादर करण्याच्या तारखा जवळ आल्या की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. या वेळी खानापूर, अथणी, निपाणी आणि बेळगाव शहरातून आलेली बहुतेक पत्रे ग्रंथालयांतील डेटाबेस आणि तत्त्वज्ञानाचे शोधलेख यांविषयी असल्यामुळे हा अंक त्याच विषयाला दिला आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : स. न. वि. वि. मी तत्त्वज्ञान विषयात एम.ए. करीत आहे. दहावीपर्यंतचे माझे शिक्षण मराठी माध्यमात झाले. ‘ज्ञानाची व्याख्या : गेटियरचा आक्षेप आणि न्यायदर्शनातील प्रमा’ या विषयावर मला निबंध लिहायचा असून त्यात किमान आठ शोधलेखांचे संदर्भ असावेत, अशी अट आहे. ‘इकडची तिकडची संकेतस्थळे चालणार नाहीत, ग्रंथालयाचा डेटाबेस वापरा’, असे आमच्या सरांनी बजावले आहे. जेस्टोर या शोधलेखांच्या डेटाबेसच्या शोधचौकटीत ‘ज्ञान म्हणजे काय’ हा प्रश्न मी इंग्रजीत लिहिला, तेव्हा इतक्या नोंदी आल्या की पहिल्या दोन पानांनंतर मी नाद सोडला. त्यांत शिक्षणशास्त्रापासून शेतीपर्यंत सर्व काही होते. नेमकी सुरुवात कोठून करावी?
— एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : तुमचा विषय चांगला आहे आणि तुमच्या सरांची अटही रास्त आहे. (इतर वाचकांसाठी : ‘सकारण आणि खरे मत म्हणजे ज्ञान’ ही व्याख्या अपुरी आहे, हा गेटियरचा आक्षेप; ‘प्रमा’ म्हणजे न्यायदर्शनातील यथार्थ ज्ञान.) अडचण शोधचौकटीत काय लिहिले यात आहे. जेस्टोरसारखा डेटाबेस तुमचा प्रश्न समजून घेत नाही. लेखाच्या पहिल्या शब्दापासून शेवटच्या तळटीपेपर्यंत तो फक्त अक्षरे जुळवून पाहतो, त्यामुळे ‘ज्ञान’ हा शब्द ज्यात कोठेतरी येऊन गेला आहे असा प्रत्येक लेख तो समोर आणून ठेवतो. याउलट ‘द फिलॉसॉफर्स इंडेक्स’ ही १९६७ पासून चालत आलेली तत्त्वज्ञानाची सूची लेखाचे शीर्षक, त्याचा सारांश आणि सूचीकारांनी विचारपूर्वक दिलेले विषयशब्द एवढ्यातच शोध घेते. म्हणून तेच शब्द पहिल्या ठिकाणी ढीग देतात आणि दुसऱ्या ठिकाणी मोजक्या, पण बहुतांशी कामाच्या नोंदी देतात. कोणता डेटाबेस नेमका कशात शोधतो, हे आधी विचारून घेण्याची सवय लागली की निम्मे श्रम वाचतात. माझ्या मते शोधाची बाकी सारी तंत्रे याच्यानंतरची आहेत.

तरीही मी तुम्हाला पहिल्याच दिवशी डेटाबेस उघडायला सांगणार नाही. १९९५ पासून चालू असलेला आणि सर्वांना मोफत खुला असलेला स्टॅनफर्ड तत्त्वज्ञानकोश आधी उघडा. त्यात ज्ञानाच्या विश्लेषणावर एक आणि अभिजात भारतीय ज्ञानमीमांसेवर एक अशा स्वतंत्र नोंदी आहेत. त्या तज्ज्ञांनी लिहिलेल्या आणि तज्ज्ञांनी तपासलेल्या असल्यामुळे ‘इकडची तिकडची संकेतस्थळे’ या सदरात त्या मोडत नाहीत. मात्र निबंधाच्या संदर्भांत त्यांचा समावेश करावा की नाही, हे सरांना विचारूनच ठरवा. सध्या त्यांतून दोनच गोष्टी उचलायच्या आहेत : नोंदीच्या अखेरची ग्रंथसूची आणि या चर्चेत अभ्यासक प्रत्यक्षात वापरतात ते शब्द. तुमच्या चर्चेतले लोक नुसते ‘नॉलेज’ असे क्वचितच म्हणतात. ते ‘जस्टिफाइड ट्रू बिलीफ’ (सकारण खरे मत) म्हणतात, ‘एपिस्टेमिक लक’ (मत केवळ योगायोगाने खरे ठरणे) म्हणतात, आणि भारतीय बाजूने ‘प्रमा’, ‘प्रमाण’, ‘न्याय’ हे संस्कृत शब्द रोमन लिपीत जसेच्या तसे ठेवतात.

आता वहीच्या एका पानावर दोन रकाने पाडा. डावीकडे गेटियरच्या बाजूचे शब्द लिहा, उजवीकडे न्यायदर्शनाच्या बाजूचे. एका रकान्यातील शब्द एकमेकांना ‘ऑर’ने जोडून कंसात घालावेत आणि दोन कंस ‘अँड’ने जोडावेत; हे दोन्ही जोडशब्द मोठ्या अक्षरांत टाइप करावेत, कारण काही डेटाबेस ते लहान अक्षरांत ओळखत नाहीत. दोन-तीन शब्दांची संज्ञा अवतरणचिन्हांत ठेवावी, नाहीतर डेटाबेस ते शब्द पानभर विखुरलेले असले तरी चालवून घेतो. शब्दाचे मूळ टाइप करून पुढे तारांकन (*) दिले, तर बऱ्याच डेटाबेसमध्ये त्या मुळापासून बनलेले सगळे शब्द एकदम शोधले जातात. गुगल स्कॉलरवर मात्र ही युक्ती चालत नाही.

उजव्या रकान्याकडे जरा जास्त लक्ष द्यावे लागेल. संस्कृत शब्द रोमन लिपीत लिहिण्याच्या पद्धती एकाहून अधिक असल्यामुळे ‘न्याय’ कोठे साध्या ए अक्षराने लिहिलेला असतो, तर कोठे त्या ए वर दीर्घत्वाची आडवी रेघ असते. ‘शंकर’ एस-एच ने सुरू होतो, टिंबाच्या किंवा तिरप्या रेघेच्या नुसत्या एस ने होतो, आणि काही लेखांत त्याच्या मध्यभागी एन ऐवजी एम येतो. चांगले डेटाबेस रेघेचा ए आणि साधा ए एकच धरतात, परंतु जुन्या छापील अंकांच्या स्कॅन केलेल्या पानांवर संगणकाने टिंबे आणि रेघा नीट वाचल्या असतीलच असे नाही. म्हणून प्रत्येक नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहून ‘ऑर’ने जोडून टाकणे श्रेयस्कर.

यानंतरची पायरी मला स्वतःला सर्वांत फलदायी वाटते. एडमंड गेटियरचा मूळ लेख १९६३ साली ‘अ‍ॅनालिसिस’ या नियतकालिकात पृष्ठे १२१ ते १२३ वर प्रसिद्ध झाला; म्हणजे अवघी तीन पाने. गुगल स्कॉलरवर तो शोधलात की त्याच्याखाली त्याचा संदर्भ देणाऱ्या लेखांचा दुवा दिसेल आणि त्यात हजारो नोंदी असतील. तो दुवा उघडल्यावर वरच्या बाजूला ‘संदर्भ देणाऱ्या लेखांतच शोधा’ अशा अर्थाचा एक चौकोन येतो. त्यात बरोबरची खूण करून शोधचौकटीत फक्त ‘न्याय’ हा शब्द रोमन लिपीत लिहा. हजारोंची यादी आटोपशीर होते, आणि जे उरते ते बहुतेक तुमच्याच दोन रकान्यांच्या सीमेवरचे असते. त्यांतील दोन-तीन चांगल्या लेखांच्या तळटीपा वाचल्यात की मागचे लेख सापडतात, आणि त्यांचा संदर्भ पुढे कोणी दिला ते पाहिलेत की नंतरचे सापडतात. असे मागेपुढे जाताना काही नावे पुन्हा पुन्हा भेटतील : आधुनिकांपैकी बिमलकृष्ण मतिलाल, स्टीफन फिलिप्स आणि जोनार्डन गणेरी, प्राचीनांपैकी चौदाव्या शतकातील गंगेश, बाराव्या शतकातील श्रीहर्ष आणि आठव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मोत्तर. मृगजळ पाहून एखादा प्रवासी धावत जातो आणि त्याच जागी खडकाआड त्याला खरोखरच पाणी सापडते; मग ‘तेथे पाणी आहे’ हे त्याचे मत ज्ञान म्हणावे काय, असा पेच धर्मोत्तराच्या परंपरेत मांडला गेला आहे. गेटियरच्या उदाहरणांशी याचे साम्य किती आणि भेद किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही. तुमचा निबंध त्या मतभेदावर उभा करता येईल. नावे हीसुद्धा शोधशब्दच आहेत आणि ‘ज्ञान’सारख्या व्यापक शब्दापेक्षा ती कितीतरी अधिक नेमकी ठरतात, हे लक्षात असू द्या.

गाळण्यांविषयी, म्हणजे शोधाच्या फिल्टरविषयी, थोडक्यात. ‘गेल्या पाच वर्षांतील’ ही खूण तत्त्वज्ञानात करू नका; ती विज्ञानशाखांची गरज आहे, येथे १९६३ चा लेख आजही वादाच्या केंद्रस्थानी असतो. ‘पीअर रिव्ह्यू’ची (तज्ज्ञांनी तपासलेल्या लेखांची) खूण जरूर करा, पण तिच्यामुळे ग्रंथपरीक्षणे आपोआप वगळली जात नाहीत, कारण ती त्याच नियतकालिकांत छापलेली असतात. जेस्टोरवर ‘लेख’ आणि ‘परीक्षणे’ अशी वेगळी गाळणी आहे, ती वापरा. पानांच्या संख्येवरून मात्र लेखाची किंमत करू नये. गेटियर त्या कसोटीला उतरला नसता.

आता प्रवेशाचे. तुमचे महाविद्यालय अनुदानित असेल, तर गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘एन-लिस्ट’ ही ई-नियतकालिके देणारी योजना त्याने घेतली आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. घेतली असल्यास महाविद्यालयामार्फत तुमच्या नावाने खाते उघडले जाते आणि खानापुरात घरी बसूनही ते वापरता येते. केंद्र व राज्य सरकारांच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षणसंस्थांसाठी १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही योजना सुरू झाली असून तीत ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके आहेत. मात्र आपल्या भागातील बरीच महाविद्यालये खासगी शिक्षणसंस्थांची असल्यामुळे ही योजना आपोआप तुमच्यापर्यंत पोहोचली असेल असे गृहीत धरू नका. यांपैकी काहीच हाताशी नसेल, तर जेस्टोरवर मोफत वैयक्तिक खाते उघडून दर ३० दिवसांत १०० लेख पडद्यावर वाचता येतात. ते उतरवून घेता येत नाहीत, एवढेच. जेस्टोरवर पुष्कळ नियतकालिकांचे अगदी अलीकडचे तीन ते पाच वर्षांचे अंक नसतात, म्हणून ताज्या लेखांसाठी फिलपेपर्स पाहावे. २००९ मध्ये सुरू झालेली ही सूची तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांनीच चालवलेली आहे. तीत विषयवार उतरंड असून प्रत्येक कप्प्याला संपादक नेमण्याची पद्धत आहे, आणि तिच्या जोडीच्या फिलआर्काइव्हमध्ये लेखकांनी स्वतः ठेवलेल्या प्रती मोफत मिळतात.

इंग्रजीचा धसका घेऊ नका. प्रत्येक लेखाचा सारांश, पहिली दोन पाने आणि शेवटचा परिच्छेद एवढेच आधी वाचा, त्यावर मराठीत चार ओळी वहीत टिपा, आणि मगच पूर्ण वाचण्याचे लेख निवडा. आठ संदर्भांसाठी साधारण तिप्पट लेख चाळावे लागतात.

प्रश्न : बसवण्णांची कायक-कल्पना (श्रम हीच पूजा) आणि वारकरी संतांचा कर्मविचार यांची तुलना मी करीत आहे. आमच्या विभागाने सुचवलेल्या तत्त्वज्ञानाच्या सूचीत या विषयावर जवळजवळ काहीच सापडत नाही. विषय बदलावा काय?
— एक संशोधक विद्यार्थी, अथणी

उत्तर : विषय मुळीच बदलू नका, सूची बदला. पाश्चात्त्य ग्रंथालयशास्त्राने वचनसाहित्य (बसवण्णा व इतर शरणांची कन्नड वचने) आणि संतसाहित्य यांना तत्त्वज्ञानाच्या कप्प्यात फारशी जागा दिलेली नाही. त्यावरचे लेख धर्माभ्यास, दक्षिण आशियाचा अभ्यास, भाषा-साहित्य आणि इतिहास या शाखांच्या नियतकालिकांत विखुरलेले आहेत. हे मला पटत नाही, पण लेख जेथे आहेत तेथेच शोधावे लागतात. तेव्हा धर्माभ्यासासाठी अ‍ॅटला डेटाबेस, तसेच जेस्टोर आणि प्रोजेक्ट म्यूझ यांतील आशिया अभ्यास व धर्म हे विभाग पाहा. हवाई विद्यापीठाकडून १९५१ पासून निघणारे ‘फिलॉसॉफी ईस्ट अँड वेस्ट’ या दोन्ही ठिकाणी मिळते.

नावांच्या बाबतीत तुमची कसोटी खानापूरच्या विद्यार्थिनीपेक्षाही कडक आहे. बसव, बसवण्णा, बसवेश्वर ही तिन्ही रूपे घ्यावी लागतील. ‘लिंगायत’ आणि ‘वीरशैव’ हे दोन्ही शब्द घ्यावे लागतील, आणि त्यांतही ‘वीर’ एका आय ने लिहिलेला व दोन ई नी लिहिलेला असे दोन्ही. या दोन नावांमागे मोठा वाद आहे हे तुम्हाला सांगायला नको, परंतु शोध घेताना आपल्या मताचे नाव तेवढे टाकले तर दुसऱ्या बाजूचे लेख आपल्याला दिसतच नाहीत. ज्ञानदेवांचे नाव जे-एन ने आणि डी-एन-वाय ने अशा दोन्ही तऱ्हांनी सुरू होते.

तुम्हाला मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा वाचता येतात, हे तुमचे खरे भांडवल आहे. इंग्रजी डेटाबेसवर विसंबणाऱ्या अभ्यासकाला ते क्वचितच लाभते. मूळ वचने ‘वचन संचय’ या संकेतस्थळावर शब्दानुसार शोधता येतात, म्हणून ‘कायक’ हा शब्द कोणाकोणाच्या वचनांत येतो हे तुम्ही स्वतः तपासू शकता. इन्फ्लिबनेटच्याच ‘शोधगंगा’वर कर्नाटकातील आणि महाराष्ट्रातील विद्यापीठांचे पीएच.डी. प्रबंध संपूर्ण व मोफत मिळतात. प्रबंध हा शोधलेख नव्हे आणि त्यांचा दर्जाही सारखा नसतो, हे खरे. परंतु चांगल्या प्रबंधाची संदर्भसूची तुमचे काही आठवड्यांचे काम वाचवते.

आणखी एक ठिकाण तुमच्याच जिल्ह्यात आहे. गुरुदेव रा. द. रानडे यांच्या प्रेरणेने उभी राहिलेली ‘अकॅडमी ऑफ कम्पॅरेटिव्ह फिलॉसॉफी अँड रिलिजन’ ही संस्था बेळगावच्या हिंदवाडीत आहे. जमखंडीत १८८६ मध्ये जन्मलेल्या रानड्यांनी मराठी, हिंदी आणि कन्नड अशा तिन्ही भाषांतील संतांचा तौलनिक अभ्यास केला. तुमच्या विषयाला याहून जवळचा पूर्वसूरी दुसरा मिळणे कठीण. अशा संस्थांची नियतकालिके मोठ्या आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये बहुधा नसतात. ती बांधीव खंडांच्या रूपात कपाटात असतात आणि त्यांची अनुक्रमणिका आपल्यालाच पान उलटून पाहावी लागते. जाण्यापूर्वी पत्राने किंवा दूरध्वनीने विचारून घ्यावे.

प्रश्न : मी निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. कोणत्याही महाविद्यालयाशी माझा आता संबंध नाही. मराठीतून लिहिलेले तत्त्वज्ञानविषयक अभ्यासपूर्ण लेख वाचण्याची इच्छा आहे. ते संगणकावर मिळतात काय?
— एक ज्येष्ठ वाचक, निपाणी

उत्तर : काही मिळतात, सगळे मिळत नाहीत. मराठीत तत्त्वज्ञानाला वाहिलेले नियतकालिक म्हणून आपण प्रथम ‘परामर्श’कडे वळावे, पुणे विद्यापीठाच्या तत्त्वज्ञान विभागाकडून ते निघत आले आहे. त्याच विभागाच्या ‘इंडियन फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ या इंग्रजी नियतकालिकाचे जुने अंकही संकेतस्थळावर मोफत ठेवलेले आहेत. एखाद्या संज्ञेचा नेमका अर्थ पाहायचा असल्यास दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला ‘मराठी तत्त्वज्ञान-महाकोश’ १९७४ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाला आहे, आणि मराठी विश्वकोश तर संगणकावरच वाचता येतो.

देवनागरीत शोध घेताना एक काळजी घ्यावी. ‘तत्त्वज्ञान’ हा शब्द दोन त घालून लिहिणे शुद्ध, परंतु नोंदी करणाऱ्या अनेकांनी तो एकाच त ने लिहिलेला आहे. आपण शिक्षक असल्यामुळे अशुद्ध शब्द टाइप करताना हात अडखळेल, तरीही दोन्ही रूपे टाकून पाहावीत. शोधगंगेवर काही मराठी प्रबंधांची शीर्षके देवनागरीत, तर काहींची रोमन लिपीत नोंदलेली आहेत, तेव्हा तोही प्रयत्न करावा.

प्रत्यक्ष बसून वाचायचे असल्यास निपाणीहून बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ पडते. शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात बाहेरच्या वाचकांसाठी काय नियम आहेत, ते विचारून जावे. भूतरामनहट्टी येथील राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या आणि धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या ग्रंथालयांकडेही हीच चौकशी करता येईल. विद्यापीठाने वर्गणी भरलेले डेटाबेस बहुधा तेथील संगणकांवर उघडतात, त्यामुळे ओळखपत्र आणि पेन ड्राइव्ह जवळ ठेवावा.

प्रश्न : एका चॅटबॉटने मला मनःस्वातंत्र्यावरील (‘फ्री विल’वरील) सहा लेखांची यादी लेखक, वर्ष आणि पृष्ठांसह दिली. त्यांपैकी चार लेख कोणत्याच डेटाबेसमध्ये सापडत नाहीत. ते आमच्या ग्रंथालयाने घेतलेले नसावेत काय?
— बी.ए.ची विद्यार्थिनी, बेळगाव

उत्तर : ते लिहिलेच गेले नसावेत, ही शक्यता अधिक आहे. असे चॅटबॉट खऱ्या लेखकाचे नाव आणि खऱ्या नियतकालिकाचे नाव एकत्र करून अस्तित्वात नसलेला लेख सहज रचतात. शीर्षक अवतरणचिन्हांत घालून फिलपेपर्सवर आणि गुगल स्कॉलरवर पाहा; नंतर त्या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर तो खंड व ती पृष्ठे उघडून तेथे प्रत्यक्षात काय छापले आहे ते पाहा. तीनही ठिकाणी नसेल तर तो संदर्भ खोडून टाका. उरलेले दोन सापडले असले, तरी त्यांत चॅटबॉटने सांगितलेलेच म्हणणे आहे की नाही, हे लेख उघडल्याशिवाय कळणार नाही. मनःस्वातंत्र्यावर सुरुवात करायची तर हॅरी फ्रँकफर्ट यांचा १९६९ चा ‘जर्नल ऑफ फिलॉसॉफी’तील लेख घ्या आणि वर सांगितल्याप्रमाणे त्याचा संदर्भ देणाऱ्यांच्या यादीतून पुढे जा.

प्रश्न : हवा असलेला लेख उघडताना प्रकाशक डॉलरमध्ये पैसे मागतो. भरावेत काय?
— एक वाचक, चिकोडी

उत्तर : भरू नयेत. गुगल स्कॉलरवर त्या लेखाच्या खाली त्याच्या सर्व आवृत्त्यांचा दुवा असतो. त्यांत एखादी मोफत पीडीएफ पुष्कळदा निघते. तेथे नसल्यास फिलआर्काइव्ह पाहावे. तेथेही नसल्यास लेखकाला दोन ओळींचे सौजन्यपूर्ण ई-पत्र लिहावे, कारण तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकांना आपला लेख कोणी वाचू इच्छितो याचा आनंदच होतो आणि बहुतेक जण प्रत पाठवतात. आपले ग्रंथालय दिल्लीच्या डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सभासद असेल, तर ग्रंथपालांकडे लेखाचा पूर्ण तपशील लिहून द्यावा, म्हणजे त्यांना दुसऱ्या ग्रंथालयाकडून प्रत मागवता येईल.